तळ्यातील समतोल

ठाणे जिल्ह्यात दिवा व डोंबिवली यांच्या दरम्यान कोपर हे ठिकाण आहे. त्याच्या जवळच उल्हास नदीची खाडी आहे. सह्याद्रीतून गोडे पाणी घेऊन निघालेली ही नदी येथे समुद्राच्या भरतीस भेटते. कल्याणच्या वरच्या अंगास, जेथे पाणी गोडे असते तेथे, उन्हाळ्यात जलपर्णीचा दाट थर पसरतो. दुरून तो हिरवा गालिचा मोठा रमणीय भासतो. परंतु त्याच्याखाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही, पाण्यातील प्राणवायू कमी होतो आणि मासे गुदमरतात.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील. तेथे तिला खाणारे कीटक आहेत. ती परदेशी गेली, पण तिचे शत्रू मागेच राहिले. मग तिच्या वाढीला आवर कोण घालणार? हे ओळखून शास्त्रज्ञांनी निओकेटिना जातीचे भुंगेरे भारतात आणले. हे भुंगेरे तिची पाने कुरतडतात व त्यांच्या अळ्या तिचे देठ पोखरतात. पिकांना त्यांच्यापासून अपाय नाही, अशी खात्री करून घेतल्यावरच १९८०च्या दशकात बंगळूर परिसरातील तळ्यांत ते सोडण्यात आले. काही वर्षांत तेथील पुष्कळ जलपर्णी ओसरली.

मात्र असा उपाय योजताना फार सावध राहावे लागते. तळ्यातील जीव एकमेकांशी साखळीने जोडलेले असतात. सूक्ष्म शेवाळ जलपिसवा खातात, जलपिसवांना लहान मासे खातात आणि लहान माशांना मरळीसारखे मोठे मासे गिळतात. साखळीतील एक कडी हलली की सारी साखळी हलते.

डासांच्या अळ्या खाणारा गॅम्बुशिया मासा १९२८ मध्ये भारतात आणला गेला. हिवतापाशी लढण्यासाठी तो विहिरींत व तळ्यांत सोडला जाऊ लागला. हेतू चांगला होता. पण हा मासा केवळ अळ्यांवर संतुष्ट राहत नाही. तो जलपिसवाही फस्त करतो. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात असे दिसले की, ज्या पाण्यात हे मासे होते तेथे जलपिसवा घटल्या, शेवाळ माजले आणि पाणी गढूळ हिरवे झाले. डास हटविण्यास गेलेला मित्र तळ्याचे स्वास्थ्य बिघडवून बसला!

याच नियमाचा उलट उपयोगही करता येतो. जलपिसवा खाणारे लहान मासे कमी केले, किंवा त्यांना खाणारे मोठे मासे वाढविले, तर जलपिसवा वाढतात व शेवाळ खाऊन पाणी निवळ करतात. युरोप-अमेरिकेतील अनेक सरोवरांत हा प्रयोग झाला आहे. तरीही गावाचे सांडपाणी तळ्यात येतच राहिले, तर त्यातील पोषक द्रव्यांवर शेवाळ व जलपर्णी पुन्हा पोसली जातात. मग मासे काय किंवा भुंगेरे काय, एकटे कोठवर पुरे पडणार?

ठाण्याचा मासुंदा असो, कल्याणचा काळा तलाव असो की खेड्यातील लहानसे तळे असो, प्रत्येकात एक छोटेसे जग नांदत असते. त्यात नवा जीव सोडण्यापूर्वी तो काय खाईल आणि त्याला कोण खाईल, हे दोन प्रश्न विचारावेत. आणि त्याहीपूर्वी, तळ्यात पडणारी घाण थांबवावी.

स्वाध्याय
१. जलपर्णी आपल्या देशात बेसुमार का वाढली?
२. गॅम्बुशिया माशामुळे पाणी हिरवे कसे होते, ते क्रमाने लिहा.
३. आपल्या गावातील तळ्याचे निरीक्षण करून त्यातील जीवांची एक अन्नसाखळी काढा.