रानात जिवंत मूळ हवं

आमच्या बोरीच्या शिवारात काळ्या रानाची पत जोखताना खोली बघतात, निचरा बघतात, चुनखडी बघतात. मुळाशी कोण राहतं ते कुणी विचारत नाही. मायकोरायझा नावाच्या बुरशीची ओळख झाल्यापासून मला तेच आधी विचारावंसं वाटतं.

१. बुरशी नुसती रोगाची नसते. तुरीवरचा मर आम्हाला चांगला ठाऊक. पण पिकाला पोसणारी बुरशीही त्याच मातीत नांदते, याचं मला फार नवल वाटलं. जमिनीवरच्या ७० टक्क्यांहून अधिक वनस्पती तिच्या सोबतीनं जगतात. स्कॉटलंडमधल्या रायनी इथं ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती दगड होऊन राहिल्यात. त्यांना खरी मुळंसुद्धा फुटली नव्हती, आणि आत ही बुरशी होती. सोबत आधीची, मुळं मागाहूनची.

२. ही सोबत डोळ्यांनी बघितली की मन भरून येतं. ज्वारीची बारीक मुळं कॉस्टिक पोटॅशमध्ये गरम करून धुतली, साध्या शाई-व्हिनेगरमध्ये रंगवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पेशीपेशीत दाट फांद्यांची निळी झुडपं! देवघेव तिथंच चालते. बुरशी स्फुरद देते, झाड साखर आणि स्निग्ध पदार्थ देतं. झुडूप काही दिवसच टिकतं, विरतं, शेजारच्या पेशीत नवं येतं.

३. जमिनीत स्फुरद असणं वेगळं, पिकाला मिळणं वेगळं. चुनखडीच्या काळ्या रानात डीएपीतला बराच स्फुरद बांधला जातो, जागचा हलत नाही. मुळाला भोवतालच्या एक-दोन मिलिमीटरमधलाच उचलता येतो. बुरशीचे तंतू कित्येक सेंटिमीटर पुढे जातात, जस्तही आणतात. मात्र डीएपी भरमसाट टाकला की झाडच बुरशीला आत घेणं कमी करतं. गरज नसताना साखर कोण देईल?

४. टारफुल्याची गोष्ट मला सगळ्यांत विलक्षण वाटते. ज्वारीच्या मुळावर जगणारं हे तण. त्याचं बी उगवायला लावणारं द्रव्य १९६६ साली सापडलं, तेही कपाशीच्या मुळांच्या स्रावात. कपाशीवर टारफुला वाढत नाही, मग तिनं ते का सोडावं? उत्तर २००५ मध्ये जपानी संशोधकांनी दिलं. ती हाक बुरशीसाठी असते. स्फुरद कमी पडला की मुळं या कुळातली द्रव्यं जास्त सोडतात आणि बुरशीचे तंतू फांद्या फोडत मुळाशी येतात. टारफुला ती हाक चोरून ऐकतो.

५. पड ठेवलं म्हणजे रानाला विसावा मिळाला, असं नेहमीच नसतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये आपल्यासारखीच काळी चिकण जमीन आहे. तिथं लांबलेल्या पडीनंतरचं पीक खुजं राहायचं, स्फुरद-जस्ताची टंचाई दिसायची. १९८० च्या दशकात उलगडा झाला: जिवंत मूळच नसल्यानं बुरशी उपाशी पडून घटली होती. तेव्हापासून उन्हाळ्यातलं शिवार बघून मला काळजी वाटते. ज्वारी निघाली, धसकटं वेचली, नांगरट झाली, की जूनपर्यंत हिरवं काय ते बांधावर: बाभूळ, लिंब, हरळी. तिघांच्याही मुळांत हीच बुरशी राहते. दोन तास वाढवायला बांध कोरणाऱ्यांना मी हे कळवळून सांगतो. सोयाबीन ऑक्टोबरात निघालं तरी सोबतची तूर जानेवारीपर्यंत उभी असते. ती जोडी मला म्हणूनच मोलाची वाटते.

६. विकत मिळणारी पुडीतली बुरशीही मुळावरच वाढवलेली असते. झाडाविना ती स्वतःचं पोट भरू शकत नाही, म्हणून मका-ज्वारीसारख्या पिकांच्या मुळांवर तयार करतात. बियाण्याखाली किंवा हळदीच्या बेण्यालगत पडली तर कामाची. वरून फेकून उपयोग नाही. कोबी, फुलकोबी, मोहरी, पालक यांच्यासाठी तर घेऊच नये, ही पिकं तिला थारा देत नाहीत. म्हणून कोबीच्या वाफ्यानंतर बुरशीला पुन्हा मूळ मिळावं यासाठी मी मका घेतो.