मातीविना लागवड : खताची मात्रा आणि सामू

गणपतीच्या दिवसांत लालबाग-परळहून कोकणात आलेला एखादा चाकरमानी कागदात जपून आणलेले टोमॅटोचे पिवळे पान ग्रामसेवकापुढे ठेवतो आणि विचारतो, "खत तर भरपूर घातले, मग झाड असे का?" हा प्रश्न क्षुल्लक मानू नये. गिरगाव-दादरच्या गच्चीवर काथ्याच्या भुशात मिरची लावणारे कुटुंब आणि गावी हरितगृहात त्याच भुशावर पीक घेणारा शेतकरी, या दोघांची अडचण एकच असते. फरक इतकाच की, गच्चीवर चार झाडे जातात, तर हरितगृहात कर्ज काढून उभे केलेले पीक जाते.

मातीविना पीक घेण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाचे शास्त्रज्ञ गेरिक यांनी १९३० च्या सुमारास पोषक पाण्यावर टोमॅटो वाढवून दाखविले. आपल्या देशात शोल्टो डग्लस यांनी १९४६ मध्ये बंगालमधील कालिंपाँग येथे वाळू व खडी वापरून असे प्रयोग सुरू केले. जुन्या चाळींच्या दृष्टीने या पद्धतीचा विशेष गुण म्हणजे हलकेपणा. ओल्या मातीपेक्षा काथ्याचा भुसा पुष्कळ हलका असतो.

जमीन आणि भुसा यांतील भेद

जमीन ही झाडाची कणगी होय. तिच्यात अन्नद्रव्यांचा साठा असतो आणि आपली चूक ती काही काळ सांभाळून घेते. भुशातील झाडाचे मात्र हातावर पोट असते. आज पाण्यातून जे मिळेल, तेच त्याचे अन्न. म्हणून येथे दोन गोष्टींवर नित्य लक्ष ठेवावे लागते : पाण्यात खत किती आहे आणि त्या पाण्याचा सामू किती आहे.

सामू म्हणजे आम्लता व विम्लता मोजण्याचे माप. सात हा मध्य, त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. एका अंकाचा फरक हा दहापटीचा फरक असतो, हे ध्यानात ठेवावे. मातीविना लागवडीत सामू ५.५ ते ६.५ या दरम्यान असावा. तो सातच्या वर गेला की लोह, मंगल, जस्त व स्फुरद मुळांना घेता येत नाहीत. पाचच्या खाली उतरला की कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची टंचाई भासते आणि मुळांना इजा होते. म्हणजे ताट वाढलेले असूनही झाड उपाशी राहते. अशा वेळी अधिक खत घातल्यास भूक भागत नाही, उलट क्षार साचून मुळे करपतात. पुष्कळ झाडे खताच्या अभावी नव्हे, तर अशा उपचाराने मरतात.

भुशाची तयारी

काथ्याच्या भुशात सोडियम व पालाश यांचे क्षार असू शकतात. म्हणून तो गोड्या पाण्याने दोन-तीन वेळा धुवावा. नंतर दर १० लिटर पाण्यात २० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात एक दिवस भिजत ठेवावा, निथळावा व पुन्हा धुवावा. ही पायरी गाळल्यास भुसा पिकाच्या वाट्याचे कॅल्शियम स्वतःच धरून ठेवतो.

पाणी व पोषणद्राव

मुंबईस नळाने येणारे पाणी तानसा, वैतरणा, भातसा आदी तलावांचे, म्हणजे मुख्यतः पावसाचे असते. त्यात क्षार थोडे असतात, म्हणून कॅल्शियम व मॅग्नेशियम खतातूनच द्यावे लागतात. समुद्राजवळच्या विहिरीचे पाणी खारट असू शकते. ते तपासल्यावाचून वापरू नये.

फळभाज्यांसाठी १० लिटर पाण्यास पुढील प्रमाण घ्यावे :

कॅल्शियम नायट्रेट ७ ग्रॅम
पोटॅशियम नायट्रेट (१३:०:४५) ४ ग्रॅम
मोनो पोटॅशियम फॉस्फेट (०:५२:३४) २ ग्रॅम
मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम
चिलेटयुक्त सूक्ष्म अन्नद्रव्ये, वेष्टनावरील मात्रेनुसार

रोपांना याच्या निम्मी मात्रा पुरते. कॅल्शियम नायट्रेट एका भांड्यात व बाकीची खते दुसऱ्या भांड्यात विरघळवून मगच भरपूर पाण्यात एकत्र करावी. घट्ट द्राव एकमेकांत ओतल्यास पांढरा साका तळाशी बसतो, आणि तो साका म्हणजे वाया गेलेले खत होय. युरिया येथे वापरू नये.

सामू खते विरघळल्यानंतर मोजावा. तो चढा असल्यास सौम्य केलेले फॉस्फरिक आम्ल थेंबथेंब घालून, ढवळून पुन्हा मोजावे. आम्ल नेहमी पाण्यात घालावे, पाणी आम्लात कदापि ओतू नये. हातमोजे व चष्मा वापरावा आणि बाटली मुलांपासून दूर ठेवावी. लिंबाच्या रसाने सामू उतरतो खरा, पण तो टिकत नाही.

निचऱ्याची परीक्षा

आठवड्यातून एकदा कुंडीखालील ताटलीत निथळलेले पाणी तपासावे. दिलेल्या पाण्याच्या दहावा ते पाचवा हिस्सा निथळणे इष्ट होय. निचऱ्याची विद्युत वाहकता दिलेल्या द्रावापेक्षा बरीच अधिक आढळल्यास क्षार साचत आहेत असे समजावे, साध्या पाण्याने भुसा धुवावा व नंतर सौम्य द्राव द्यावा. पावसाळ्यात याच्या उलट घडते. उघड्यावरील कुंडीतील अन्न पाऊस वाहून नेतो, म्हणून ती आडोशाला घ्यावी.

पान वाचण्याची रीत

शेंड्याची कोवळी पाने पिवळी, पण शिरा हिरव्या, असे दिसल्यास लोह मिळत नाही असे समजून प्रथम सामू पाहावा. खालची जुनी पाने सरसकट पिवळी पडल्यास नत्र कमी. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा असल्यास मॅग्नेशियम कमी. टोमॅटोचे बूड काळे पडल्यास कॅल्शियमची उणीव किंवा पाण्याची अनियमितता.

चाळीत राहणाऱ्यांस एक सूचना अवश्य द्यावी. लाकडी सज्जावर ओल्या कुंड्यांची रांग लावू नये आणि खताचे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीत मुरू देऊ नये. गच्ची वापरण्यापूर्वी इमारतीच्या जबाबदार व्यक्तींची संमती घ्यावी.

पिवळे पान घेऊन कोणी आला, तर ग्रामसेवकाने खताचे नाव सांगण्याची घाई करू नये. "पाण्याचा सामू किती?" हा प्रश्न प्रथम विचारावा. सामू मोजण्याच्या कागदी पट्ट्या थोडक्या पैशांत मिळतात, आणि त्यांतील एक पट्टी पुष्कळदा खताची आख्खी पिशवी वाचविते.