पॉवर अँटेना अडला? आधी कान लावा

रेडिओ सुरू केला की मडगार्डातून सर्रकन वर येणारा आणि बंद केला की मुकाट्याने आत जाणारा अँटेना नव्या गाड्यांवर आता दिसत नाही. पण ज्यांनी जुनी होंडा अ‍ॅकॉर्ड किंवा मर्सिडीजची डब्ल्यू-१२४ जिवापाड सांभाळली आहे, त्यांच्या दारात तो अजून आहे. डब्ल्यू-१२४चं तर पुण्याशी नातं आहे. १९९५ मध्ये पिंपरीला टेल्कोच्या कारखान्यात मर्सिडीजने भारतातलं उत्पादन सुरू केलं ते याच मॉडेलपासून.

हा अँटेना बिघडला की बहुतेक दुकानांत एकच उत्तर मिळतं : पूर्ण युनिट बदला. मलाही तेच सांगितलं होतं. सुटा भाग मिळतच नाही, असंही वर ऐकवलं. शेवटी बिघडलेली निघाली ती आतली नायलॉनची दोरी. म्हणून गाडी दुकानात नेण्याआधी घरीच दहा मिनिटं द्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आतली रचना साधी आहे. १२ व्होल्टची छोटी मोटर गिअर फिरवते. गिअरच्या दात्यांत नायलॉनची दातेरी दोरी बसते आणि ही दोरी एकात एक सरकणाऱ्या नळ्यांना वर ढकलते, खाली ओढते. युनिटला साधारणपणे तीन वायरी येतात : एक बॅटरीकडून, एक अर्थिंगची आणि एक टेपकडून ‘वर ये’ असा इशारा देणारी. चौथी जाड केबल रेडिओच्या सिग्नलची, तिचा मोटरशी संबंध नाही.

आता कान लावायचा. इंजिन बंद, चावी फिरवलेली, कोणीतरी रेडिओ चालू-बंद करतंय आणि तुम्ही मडगार्डापाशी उभे. मोटर घरघरते पण नळी हलत नाही, तर दोरी तुटली आहे किंवा तिचे दाते झिजले आहेत. हाच बिघाड सर्वांत जास्त आढळतो. अर्ध्यावर येऊन कटकट आवाज होतो, तर नळ्यांत धूळ बसली आहे किंवा एखादी नळी वाकली आहे. काहीच आवाज नसेल तर फ्यूज, अर्थिंग, रिले किंवा इशाऱ्याची वायर बघायची, मोटरला दोष सर्वांत शेवटी. आणि अँटेना पूर्ण वर येऊनही रेडिओ खरखरत असेल, तर सिग्नलची केबल किंवा बुडाशी गंजलेलं अर्थिंग तपासा, मोटरच्या वाटेला जाऊच नका.

टेप बदलल्यापासून अँटेना रुसलाय का, हा प्रश्न स्वतःला जरूर विचारा. बाहेरून बसवायच्या टेपला सहसा दोन निळ्या वायरी असतात. नुसती निळी अँटेनासाठी, निळी-पांढरी अँप्लिफायरसाठी. घाईत दुसरीच जोडली गेली, तर पेनड्राइव्हवर गाणी लावली तरी अँटेना वर येऊन उभा राहतो, आणि पार्किंगच्या बुटक्या छतावर आपटतो. जोडलीच नसेल तर तो कधीच उठत नाही. ही दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे. मात्र ही वायर फक्त इशाऱ्यासाठी असते. मोटरचा भार थेट तिच्यावर टाकला, तर टेपचं ते आउटपुट जळू शकतं. मध्ये रिले हवाच.

आता पैशांचं. पुढचे आकडे मोठ्या शहरातला माझा ढोबळ अंदाज आहेत. गाव आणि गाडी बदलली की ते हलतील. फ्यूज दहा-वीस रुपयांत, रिले शंभर-दोनशेत. ऑटो इलेक्ट्रिशियनने वायरिंग तपासून जोडण्याचे ३०० ते ८००. नळ्या साफ करून देण्याचे तेवढेच. दोरीसकट नवी नळी जपानी गाडीसाठी १,००० ते २,५०० रुपयांत बसावी, जर्मन गाडीसाठी ४,००० ते ८,००० धरा. ती बसवण्याची मजुरी ५०० ते १,५००. मूळ कंपनीचं नवं युनिट मागवायचं तर जर्मन गाडीसाठी वीस हजारांच्या पुढे तयारी ठेवा. कुठल्याही गाडीला बसणारं बाजारातलं युनिट १,००० ते २,५००ला मिळतं, पण त्यासाठी मडगार्डाचं भोक मोठं करायला कोणी सुचवलं तर नाही म्हणा. पत्रा एकदा कापला की कापलाच.

नळी बदलण्याचं काम इतकं सोपं की बघताना आनंद होतो. वरचं नट काढायचं आणि रेडिओ लावायचा; दोरी शाबूत असेल तर मोटर जुनी नळी स्वतःच बाहेर ढकलते. नवी दोरी दात्यांची बाजू गिअरकडे ठेवून आत सोडायची आणि रेडिओ बंद करायचा, की मोटर ती ओढून घेते. दोरी तुटलेली असेल तर मात्र युनिट खोलावंच लागतं, कारण तुकडा आत अडकतो. तो न काढता नवी दोरी घातली, तर तीही जाते. काम झाल्यावर मेकॅनिकला तो तुकडा दाखवायला सांगा. त्याने दाखवला नाही, तर पैसे देण्याआधी दोनदा विचारा.

जुने सुटे भाग पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात शोधता येतात. सेकंडहँड युनिट घेताना दुकानदाराकडूनच बॅटरीवर लावून चार-पाच वेळा वर-खाली करून घ्या. नुसती मोटर फिरणं पुरेसं नाही.

हा सगळा खर्च नको असेल, तर साधा स्थिर अँटेना लावा, त्यात लाज नाही. एफएमची लहर १०० मेगाहर्ट्झला ३ मीटरची असते, तिचा पाव भाग ७५ सेंटिमीटर, म्हणून तेवढ्या लांबीची काडी उत्तम चालते. मूळ युनिट मात्र भंगारात देऊ नका. गाडी विकताना ते सोबत असलं की शौकीन गिऱ्हाईक खूश होतं.

दुरुस्ती होईपर्यंत मोटरचा कपलर काढून ठेवा. अडकलेल्या अँटेनावर रेडिओ पुन्हा पुन्हा लावला, तर दोरीच्या खर्चात मोटरचा खर्च वाढतो. आणि पावसाळ्याआधी युनिटच्या बुडाची पाणी निघायची नळी काडीने मोकळी करा. कोकणात राहत असाल तर दोनदा. नळ्या दर महिन्याला सुती फडक्याने पुसा, वर सिलिकॉनच्या स्प्रेचा हलका हात द्या. ग्रीस लावू नका, त्यावर धूळ चिकटते आणि तीच नळ्या अडवते.