मंदगतीची कसोटी

ज्या यंत्राचे वजन तीनशे किलोंच्या पुढे आहे आणि ज्याचे इंजिन आपल्या रस्त्यांवरून धावणाऱ्या पुष्कळशा चारचाकी मोटारींच्या इंजिनांहून मोठे आहे, अशी क्रूझर जातीची मोटारसायकल खरेदी करण्यापूर्वी तिची चाचणी घेण्यास जाणारा मनुष्य मनाशी बहुधा एकच कुतूहल बाळगून जातो, आणि ते म्हणजे ही गाडी मोकळ्या रस्त्यावर कशी धावते. दीर्घकाळच्या स्वारीने आणि एका प्रसंगाच्या साक्षीने माझे असे दृढ मत झाले आहे की, चाचणीचा बहुमोल वेळ या कुतूहलावर खर्च करणे हितावह नाही. सरळ रस्त्यावर, वरच्या गिअरमध्ये, अशी प्रत्येक गाडी सुरेखच चालते. तेथे चाकांची गती आणि पुढच्या चिमट्याची रचना तिला आपोआप तोलून धरते, आणि स्वाराला फारसे काही करावे लागत नाही. तिचा खरा स्वभाव प्रकट होतो तो माणसाच्या पायी चालण्याच्या वेगाने, किंवा ती निश्चल उभी असताना, जेव्हा तोल सांभाळण्याची सारी जबाबदारी यंत्राकडून स्वाराकडे येते.

उदाहरणादाखल हार्ले-डेव्हिडसनच्या फॅट बॉय या गाडीकडे पाहावे. १९९० साली प्रथम बाजारात आलेल्या या गाडीची १,८६८ घन सेंटिमीटर इंजिनाची अलीकडची आवृत्ती घेतली, तर तिचे चालू स्थितीतले वजन ३१७ किलो, दोन चाकांमधले अंतर १,६६५ मिलिमीटर, मागच्या टायरची रुंदी २४० मिलिमीटर आणि आसनाची उंची अवघी ६७५ मिलिमीटर आहे. यांतला शेवटचा आकडा सर्वांत फसवा होय. आसन इतके सखल असल्यामुळे मध्यम उंचीच्या माणसाचेही दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकतात, आणि बसताक्षणीच त्याच्या मनात असा विश्वास उत्पन्न होतो की ही गाडी आपल्या मुठीत आहे. गाडी सरळ उभी असेतोवर तो विश्वास यथार्थही असतो, कारण वजन जमिनीलगत आहे. पण ती एका बाजूस कलू लागली म्हणजे पायावर येणारा भार कलाबरोबर वाढत जातो, आणि एका विशिष्ट मर्यादेपलीकडे, मग तो स्वार कितीही बलदंड असो, मांडीचे व पाठीचे स्नायू त्या भारापुढे टिकाव धरीत नाहीत. ही मर्यादा प्रत्येकाची निराळी असते. आणि ती आपली कोठे आहे हे समजून घेणे, हेच माझ्या मते चाचणीचे पहिले प्रयोजन आहे.

ज्या प्रसंगाचा मी उल्लेख केला तो पुण्याच्या पश्चिमेकडून जाणाऱ्या महामार्गालगतच्या एका विक्रीदालनात घडला. मी अशीच एक गाडी पाहावयास गेलो होतो आणि माझ्याआधी एका तरुणाची पाळी होती. तो नवशिका नव्हता. बुलेटवर त्याने कोकण आणि देश दोन्ही पालथे घातले होते, आणि हेल्मेट, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट असा सारा सरंजाम त्याने अंगावर चढवला होता. विक्रेत्याचा माणूस दुसऱ्या गाडीवर पुढे, हा मागे, असे ते महामार्गावर जाऊन आले. परतताना त्याच्या मुद्रेवर जो आनंद होता तो मी विसरलेलो नाही. आवारात पेव्हर ब्लॉकची उतरती फरशी होती. गाडी डावीकडे वळवून भिंतीशी लावण्याची खूण त्याला करण्यात आली. त्याने हँडल पुरते वळवले, आणि तेवढ्यात गाड्या धुणारा एक पोरगा पाण्याची नळी ओढीत आडवा आला. तरुणाने स्वाभाविकपणे पुढचा ब्रेक दाबला. गाडीचा वेग त्या वेळी पायी चालणाऱ्या माणसाहून अधिक नसावा. तरीही ती त्याच क्षणी डाव्या अंगावर आडवी झाली, आणि लोखंडी गार्डमुळे पाय चिरडण्यापासून बचावला, तरी त्याचा घोटा मुरगळलाच.

हे असे का घडले ते नीट समजून घेण्याजोगे आहे. या जातीच्या गाड्यांचा पुढचा चिमटा पुष्कळ तिरपा बसवलेला असतो. फॅट बॉयमध्ये हा तिरपेपणा ३० अंशांचा आहे. या रचनेने महामार्गावर गाडीला स्थैर्य लाभते, परंतु मंदगतीत हँडल वळवताच ते आणखी वळू पाहते आणि गाडीचे वजन त्याच बाजूस झुकते. अशा अवस्थेत पुढचे चाक एकाएकी थांबवले की मागून येणारा सारा भार वळलेल्या बाजूवर कोसळतो, आणि तो सावरण्यास स्वाराच्या पायाला अवकाशच उरत नाही. म्हणून अशा गाडीवर मंदगतीने वळताना पुढच्या ब्रेकवरून बोटे काढून घ्यावीत. क्लच अर्धा धरून, म्हणजे ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो त्यावर गाडी ओढती ठेवून, मागच्या ब्रेकने तिचा वेग आवरावा. आणि पूर्ण थांबावयाचे झाल्यास आधी हँडल सरळ करून मगच पुढचा ब्रेक लावावा. नजर जमिनीकडे न ठेवता जिकडे जावयाचे तिकडे ठेवावी, हे सांगणे सोपे आणि करणे कठीण आहे, तरी त्याला पर्याय नाही.

गाडी चौघांनी उचलली. त्यानंतर जे घडले त्याचा मला आजही संताप येतो. तो तरुण पायरीवर बसून घोटा दाबीत असता, डॉक्टरकडे नेण्याची तजवीज करण्याऐवजी व्यवस्थापकाने त्याच्यापुढे त्याने सकाळी सही केलेले हमीपत्र आणि दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज ठेवला. "काका, मी हे वाचलंच नव्हतं हो," असे तो माझ्याकडे पाहून म्हणाला. बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेल्या त्या दस्तऐवजात मजकूर असा होता की चाचणीदरम्यान वाहनाचे जे नुकसान होईल त्याची संपूर्ण भरपाई ग्राहक करील. त्या गाडीच्या विम्याचे काय, हे मी विचारले तेव्हा बराच वेळ कोणी उत्तर दिले नाही. मग विम्याचे कागद निघाले, आणि अखेर विम्याबाहेर राहणाऱ्या थोड्या रकमेवर प्रकरण मिटले.

यास्तव माझे आग्रहाचे सांगणे आहे की हमीपत्रावर सही करण्यापूर्वी ते शांतपणे वाचावे. समजले नाही तर वाचून दाखवण्यास सांगावे, आणि त्यात संकोच मानू नये. गाडीचा विमा संभाव्य ग्राहकाच्या हातून होणारे नुकसान भरून देतो काय, आणि देत असल्यास ग्राहकाच्या माथी किती रक्कम येते, याची खातरजमा करून तो आकडा हमीपत्रावर लिहून घ्यावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे त्रयस्थाच्या हानीचा विमा सक्तीचा आहे, पण त्या सक्तीने गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची सोय होत नाही. विक्रेत्याची गाडी नोंदणीकृत नसेल तर ती व्यापार प्रमाणपत्रावर चालते, आणि १९८९ च्या केंद्रीय नियमांनी ग्राहकाला वाजवी चाचणी देण्याची मुभा त्या प्रमाणपत्रावर दिलेली आहे. ते प्रमाणपत्र मुदतीत आहे ना, हे पाहण्याचा अधिकार चालवणाऱ्याला निश्चितच आहे. रस्त्यात पोलिसाने हटकले तर उत्तर देण्याची पाळी त्याच्यावरच येते.

त्या दिवशी मी चाचणी न घेताच परतलो. पुढे दुसऱ्या एका दालनात वेळ ठरवून गेलो तेव्हा मी आरंभीच सांगून टाकले की महामार्गावर मला जावयाचे नाही. इंजिन बंद ठेवून मी गाडीवर बसलो, समोरच्या बाजूस एका माणसाला आधारास उभे केले, आणि गाडी हळूहळू एकेका अंगाला कलवून भार कोठे असह्य होऊ लागतो ते पायाने ओळखून घेतले. नंतर ती पायांनी मागे रेटून पाहिली. सपाट जागी ती कशीबशी सरकली. किंचित चढ येताच थांबली. या गाड्यांना बहुधा मागे जाण्याचा गिअर नसतो, त्यामुळे उताराकडे तोंड करून लावलेली गाडी एकट्या माणसाला बाहेर काढता येत नाही, ही गोष्ट खरेदीनंतर पहिल्याच आठवड्यात कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी.

मग मोकळ्या आवारात वर्तुळे, आठच्या आकड्याची वळणे आणि यू-टर्न. इंजिनाचा जोर कमी फेऱ्यांवरच एवढा असतो की अ‍ॅक्सिलरेटरची मूठ न पिळताही, नुसता क्लच सोडला तरी गाडी पुढे सरकते. हा गुण ओळखला की निम्मी भीती ओसरते. रुंद मागचा टायर वळणास विरोध करतो, तोही हाताला जाणवू द्यावा. बाहेर पडल्यावर मी मुद्दाम गतिरोधकांचा रस्ता मागितला. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. फॅट बॉयचा तळ जमिनीपासून ११५ मिलिमीटर आहे, आणि स्वार बसला म्हणजे तो आणखी खाली येतो. गल्लीतल्या रहिवाशांनी डांबराचा ढीग ओतून उभारलेले गतिरोधक कोणतेही मानक पाळीत नाहीत. तेथे तळ घासला तर तो आवाज चाचणीतच ऐकावा.

वळणाचेही गणित आहे. ही गाडी सुमारे २५ अंशांहून अधिक झुकू शकत नाही. तेवढ्या झुकावाने ताशी ३० किलोमीटर वेगाने वळावयास सुमारे १५ मीटर त्रिज्येचे वळण लागते, आणि ताशी ६० किलोमीटरला त्याच्या चौपट. पसरणीच्या घाटातल्या अरुंद वळणांवर ज्याने हलक्या गाडीच्या सवयीने वेग ठेवला, त्याचे फूटबोर्ड रस्त्यावर घासू लागेल, आणि त्या खरखरीने दचकून हँडल सरळ केले तर गाडी समोरच्या वाहनांच्या मार्गात जाईल.

चाचणीस दुपारी जावे, आणि शक्यतो एप्रिल-मे महिन्यांत. मागचा सिलिंडर आसनाच्या अगदी पुढ्यात असतो. सिग्नलला गाडी उभी राहिली की त्याची धग मांडीला लागते. सकाळच्या गार हवेत हे कळत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि वांद्रे-वरळी सागरी सेतूवर दुचाकींना मज्जाव असल्याने आपल्याकडच्या मालकाच्या नशिबी लोणावळ्याच्या बाजारपेठेतून आणि पनवेलच्या गर्दीतूनच जाणे येते, हे ध्यानात ठेवून या उष्म्याचा विचार करावा. मागे बसणारे माणूसही सोबत न्यावे. या गाड्यांची मागची गादी पुष्कळदा नावापुरतीच असते, आणि जिला बसावयाचे तिचे मत घेतल्यावाचून सौदा करणे मला अन्याय्य वाटते.

गाडी कलली आणि हातातून सुटतेसे वाटले, तर ती सोडून द्यावी व पाय बाहेर काढावा. धरून ठेवण्याच्या नादात कंबर कायमची दुखावते. पडलेली गाडी उचलताना तिच्याकडे पाठ करून, गुडघ्यांत वाकून, एक हात हँडलच्या मुठीला व दुसरा आसनाखालच्या दांड्याला धरून, पायांच्या जोराने मागे रेटीत उठावे. उजव्या अंगावर पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवावा, म्हणजे ती उठून पलीकडे कलंडणार नाही.

मी ती गाडी घेतली नाही. माझ्या घराचे फाटक उताराच्या टोकाशी आहे, आत वळावयास जागा नाही, आणि रोज संध्याकाळी ती मागे रेटीत चढावर न्यावी लागली असती. २४१ किलो वजनाची रॉयल एनफिल्डची सुपर मीटिअर ६५० मी तिच्या जागी घेतली, तीही फाटकापाशी आणवून, आतबाहेर करून पाहिल्यानंतर.