शेक चालू असताना मोबाइलवरचा व्यायाम

कॅन्सरसाठी शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाला तेव्हा घरचे म्हणाले, ‘पडून राहा.’ भाचीने मोबाइलवर व्यायामाचं अॅप टाकून दिलं. पडून राहिले की अंग आणखी जड व्हायचं, आणि अॅप पहिल्याच आठवड्यात उड्या मारायला सांगायचं. ऑपरेशन झालंय, काखेतल्या गाठी काढल्यात, पारशिवनी ते नागपूर रोज एसटीचा प्रवास आहे, यातलं त्याने काहीच विचारलं नव्हतं. काखेत ओढ बसू लागली तेव्हा फिजिओथेरपिस्ट मॅडमना मोबाइल दाखवला. त्यांनी उड्या बंद केल्या. चालणं, खुर्चीतून उठणं-बसणं आणि खांद्याचे हलके व्यायाम ठेवले.

शेकातला हा थकवा झोपून जात नाही. शेक पुढे सरकतो तसा तो वाढतो आणि शेक संपल्यावरही काही आठवडे रेंगाळतो. २०१७ साली ११३ अभ्यास एकत्र तपासले गेले. कॅन्सरच्या थकव्यावर औषधांपेक्षा व्यायाम आणि मानसिक उपचार सरस ठरले. २०१९ मध्ये तज्ज्ञांनी आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास मध्यम व्यायाम सुचवला. तिथवर हळूहळू पोचायचं असतं. सुरुवातीला दहा मिनिटं चाललात तरी चालेल. चालताना बोलता यावं, गाणं मात्र म्हणता येऊ नये, वेग एवढाच.

म्हणून बायांनो, आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइडबद्दल डॉक्टरांना विचारा. रक्तच कमी असेल तर नुसत्या व्यायामाने भागणार नाही. उपचार नागपूरच्या मेडिकल कॉलेजला असोत, तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात असोत की जामठ्याच्या कॅन्सर रुग्णालयात, अॅप तिथे दाखवूनच सुरू करा. ऑपरेशन कधी झालं, हात सुजतो का, आज बरं वाटतंय का, हे न विचारणारं अॅप आपल्या कामाचं नाही. व्यायाम कमी करायची सोय हवी, अडल्यावर बोलायला माणूस हवा. गावात रेंज जाते, म्हणून व्हिडिओ आधीच उतरवून ठेवा.

उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत चाला. कपडे सैल, सुती घाला. शेकाची जागा घासू नका, तिथल्या खुणा पुसू नका. ताप, छातीत दुखणं, धाप, चक्कर किंवा हाताला सूज आली तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना कळवा.

एखाद्या दिवशी अंगणात दोन फेऱ्याच जमत असतील तर तेवढ्याच घाला. टार्गेट चुकल्याची अॅपची घंटी वाजत राहिली तर ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते.