गणेशखिंडीत राहायला चाललीस तर

अगं, फी, मेस, खोलीतली सोबतीण हे सगळं बाबांशी बोलून झालंय तुझं. मला वेगळंच सांगायचंय. पुणे विद्यापीठात पुष्कळ मुली दोन वर्षं हॉस्टेल आणि डिपार्टमेंट एवढ्यातच काढतात. ४११ एकरांचा परिसर आहे तो. तू मात्र सगळीकडे हिंड.

मराठीत एम. ए. करणारीचं आयुकात काय काम, असं म्हणू नकोस. जयंत नारळीकरांनी १९८८ साली उभी केलेली ही खगोलशास्त्राची संस्था विद्यापीठाच्या आवारातच आहे. तिथे फुकोचा लंबक टांगलाय. आधी वाटतं, नुसता झुलतोय. पण तासाभराने बघ, झोक्याची दिशा जेमतेम पाच अंशांनी सरकलेली असते. आपल्या पायाखालची पृथ्वी फिरतेय, त्याची ही खूण. ध्रुवावर झोक्याच्या दिशेची पूर्ण फेरी एका दिवसात पुरी होते, पुण्यात मात्र तीन दिवसांहून जास्त लागतात. का, ते तिथल्या एखाद्या पीएच.डी.च्या मुलीला विचार. मराठीतच विचार, बिचकू नकोस. आणि हो, तिथली मुलांसाठीची विज्ञान शोधिका ज्या इमारतीत आहे, तिचं नाव ‘पुलस्त्य’. पुलं-सुनीताबाईंच्या देणगीतून उभी राहिलीय ती. ललित कला केंद्रातल्या मुलांचे नाटकाचे, गाण्याचे कार्यक्रमही चुकवू नकोस.

पैशांचं बोलू? ‘कमवा आणि शिका’मध्ये नाव घाल. बागेत, ग्रंथालयात, ऑफिसात काम मिळतं, तासांप्रमाणे पैसे मिळतात. ‘लोक काय म्हणतील’ असं आईला वाटेल, पण तिच्याशी मी बोलते. कर्मवीर भाऊरावांनी रुजवलेला विचार आहे हा, आणि २०१४पासून विद्यापीठाला नाव आहे सावित्रीबाईंचं. तिथे कष्टाची लाज कसली धरायची? शिवाय त्या कामात जिल्ह्याजिल्ह्यांतल्या मैत्रिणी होतात, आणि वर्गात न कळलेलं त्यांच्याकडूनच कळतं. सरांच्या, मॅडमच्या केबिनचं दारही ठोठाव. एक नीट प्रश्न घेऊन आलेली मुलगी शिक्षकांना आवडते गं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जयकर ग्रंथालय. पहिल्या कुलगुरूंचं नाव आहे त्याला. परीक्षेच्या पुस्तकांपाशीच थांबू नकोस, जुने प्रबंध मागून घे. नुसती अनुक्रमणिका आणि प्रस्तावना वाचलीस तरी चालेल. कुणी एका बोलीवर, कुणी लोकगीतांवर चार-पाच वर्षं घालवलेली असतात. माहिती कुणाकडून घेतली, कोणत्या गावात, कशी पडताळली, हे ते पानोपानी सांगतात. ते वाचलंस की तुला कळेल, आपली आजी जात्यावर बसून म्हणायची त्या ओव्यासुद्धा अभ्यासाचा विषय आहेत. तुझ्याच प्रकल्पाचा होऊ शकतील.

म्हणून जायच्या आधी तिच्याजवळ बस आणि फोनवर रेकॉर्ड करून घे. ओवी कुणाकडून शिकली, माहेरची की सासरची, तेही विचार. दिवाळीच्या सुट्टीवर टाकू नकोस, तिला आता मधल्या ओळी आठवेनाशा झाल्यात.