'आपली गाडी' म्हणजे नेमकी कोणाची?

व्हिडिओत 'मायसेल्फ'वर बोललो, पण धंद्यात खरा पैसा अडकतो तो 'आपला' या शब्दात.

मराठीत 'आपला' म्हणजे आपल्या सगळ्यांचा, आदराने 'तुमचा', शिवाय स्वतःचासुद्धा. समजा, तुम्ही मानवतहून हैदराबादच्या गिऱ्हाइकाला सरकी पेंड देताय. गाडी त्याची ठरलीय. मनातलं वाक्य असतं, "माल आपल्या गाडीने येईल." इंग्रजीत हात सवयीने 'अवर व्हेइकल' लिहून मोकळा होतो. झालं! गाडी तुमची, म्हणजे भाडंही तुमचं, असंच समोरचा धरणार. तिथे 'युवर व्हेइकल'च पाहिजे. मोंढ्यात समोरासमोर हे बोलण्यावरून कळतं. ईमेलमध्ये तो फक्त शब्द वाचतो.

तसंच 'त्याने आपलं बिल भरलं'. मराठीत इथे सहसा अर्थ घेतात, स्वतःचं. पण 'ही पेड हिज बिल' यात बिल दुसऱ्या कोणाचंही असू शकतं. उधारीच्या हिशोबात 'हिज ओन बिल' लिहा.

आता 'मायसेल्फ'. ओळख करून देताना 'मायसेल्फ अमुक' नाही, 'आय ॲम अमुक'. 'कॉन्टॅक्ट मायसेल्फ' तर नकोच, साधं 'कॉन्टॅक्ट मी'. करणारा आणि ज्याच्यावर काम होतं तो एकच असेल तेव्हाच 'मायसेल्फ': 'आय टॉट मायसेल्फ टॅली'. किंवा जोर द्यायला: 'आय चेक्ड द बॅग्ज मायसेल्फ', म्हणजे पोती मी स्वतः तपासली. गिऱ्हाइकाला हे वाक्य फार आवडतं बरं का!

आणि पत्राखालच्या 'युवर्स'मध्ये अपॉस्ट्रॉफी टाकायचा नाही.